लॉस एंजेलिसचं मेमोरियल कोलिझियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२८च्या ऑलिंपिकचे वेध लागल्यापासून या स्टेडियमबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात. ध्यानचंद इथंच खेळले का, पी. टी. उषाचं पदक इथंच हुकलं का, आणि क्रिकेट इथं होणार का. त्यांची आणि त्यांच्या आगेमागे येणाऱ्या इतर प्रश्नांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत.

हे नक्की कुणाचं स्मारक आहे?

पहिल्या महायुद्धात लढलेल्या लॉस एंजेलिसच्या सैनिकांचं. डिसेंबर १९२१ मध्ये कुदळ मारली गेली आणि मे १९२३ मध्ये स्टेडियम बांधून तयार झालं. पुढं १९६८ मध्ये या स्मारकाची व्याप्ती वाढवली आणि ते पहिल्या महायुद्धातल्या सगळ्याच अमेरिकी सैनिकांना नव्यानं अर्पण केलं गेलं. कोलिझियम हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो, मेमोरियल मात्र बोलताना गळून पडतो. तो गळू नये म्हणून माजी सैनिक २०१९ मध्ये अक्षरशः भांडले. ती हकीकत पुढं येईल.

स्मारक म्हणून थेट स्टेडियम? पुतळा किंवा स्तंभ का नाही?

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत हा वाद गावोगाव झाला. एका बाजूचं म्हणणं, चौकात संगमरवरी पुतळा हवा. दुसरी बाजू म्हणायची, पुतळ्याकडं दहा वर्षांनी कोण बघतो? त्यापेक्षा लोकांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी बांधा आणि त्याला सैनिकांचं नाव द्या. अशा वास्तूंना तिकडं जिवंत स्मारक म्हणत. शिकागोचं सोल्जर फील्ड, बर्कलीचं कॅलिफोर्निया मेमोरियल स्टेडियम, नेब्रास्का विद्यापीठाचं मेमोरियल स्टेडियम ही सगळी त्याच काळातली.

या कल्पनेत एक गोम आहे. वापरायला बांधलेली वास्तू वापरणाऱ्यांच्या मर्जीनं बदलत जाते. कोलिझियमचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी ही ओढाताण आहे.

पैसा कुठून आला? लोकवर्गणी होती का?

नाही. १९२० मध्ये कर्जरोख्यांचा प्रस्ताव मतदारांपुढं ठेवला होता, तो त्यांनी फेटाळला. मग शहरातले उद्योजक आणि वृत्तपत्रांचे मालक एकत्र आले, बँकांकडून कर्ज उभं केलं आणि शहर व काउंटीच्या साथीनं काम पुढं रेटलं. खर्च साधारण साडेनऊ लाख डॉलर झाला.

या मंडळींना नुसती सैनिकांची आठवण जपायची होती असं समजायचं कारण नाही. त्यांचे म्होरके विल्यम मे गारलँड हे जमीनजुमल्याच्या धंद्यातले बडे गृहस्थ. लॉस एंजेलिसला ऑलिंपिक आणायचंच, हा त्यांचा ध्यास होता. स्टेडियम बांधून झालं त्याच वर्षी, १९२३ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं १९३२ची स्पर्धा या शहराला दिली. म्हणजे स्मारक, शहराची जाहिरात आणि ऑलिंपिकची तयारी असे तीन पक्षी एका दगडात मारले गेले. मला त्यात गैर काही दिसत नाही. फक्त ते लपवू नये.

आराखडा कुणाचा? स्टेडियम खड्ड्यात आहे म्हणतात, ते खरं का?

आराखडा जॉन पार्किन्सन आणि त्यांचा मुलगा डोनाल्ड यांचा. खड्ड्याची गोष्ट खरी आहे. जागा जुन्या खडीच्या खाणीची. जमीन खोल खणून मैदान खाली ठेवलं आणि प्रेक्षकांच्या पायऱ्या भोवतीच्या उतारावर चढवल्या. त्यामुळं रस्त्यावरून ही वास्तू वाटते तेवढी अवाढव्य दिसत नाही. कमानीतून आत पाऊल टाकलं की मैदान एकदम खाली पसरलेलं दिसतं.

या कमानी पूर्वेच्या बाजूला आहेत. मधली एक मोठी, आणि तिच्या दोन्ही अंगांना मिळून चौदा लहान. तिथल्या भिंतींवर खेळाडूंच्या आणि मोठ्या घटनांच्या पाट्या आहेत. फोटोत हे स्टेडियम ओळखायचं ते या कमानींवरून.

१९३२ मध्ये भारतानं अमेरिकेला हॉकीत २४-१ असं हरवलं, ते याच मैदानावर?

हो, याच मैदानावर, ११ ऑगस्ट १९३२ रोजी. त्या वर्षीचे हॉकीचे सामने मुख्य स्टेडियममध्येच झाले. स्पर्धेत संघ तीनच होते: भारत, जपान आणि यजमान अमेरिका. मंदीचे दिवस होते, युरोपातल्या संघांना एवढ्या लांबचा प्रवास परवडण्यासारखा नव्हता. भारतानं आधी जपानला ११-१ असं हरवलं आणि मग अमेरिकेवर चोवीस गोल चढवले. त्यातले दहा रूपसिंग यांचे, आठ त्यांचे थोरले बंधू ध्यानचंद यांचे, पाच गुरमित सिंग यांचे आणि एक पिनिगर यांचा. कर्णधार होते लाल शाह बोखारी.

अमेरिकेचा तो एकुलता गोल झाला तेव्हा आपले गोलरक्षक रिचर्ड अॅलन गोलपोस्टमागं चाहत्यांना सह्या देत होते, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण गोष्ट इतकी फर्मास आहे की ती कुणी सोडत नाही.

जाता जाता, अमेरिकेनं दोन्ही सामने गमावले आणि तरी कांस्यपदक मिळवलं. संघच तीन म्हटल्यावर दुसरं काय होणार!

१९३२च्या स्पर्धेतलं आणखी काही लक्षात ठेवण्याजोगं?

अमेरिकेची बेब डिड्रिक्सन. भालाफेक आणि ८० मीटर अडथळा शर्यत यांत सुवर्ण, उंच उडीत रौप्य. एका बाईनं एका ऑलिंपिकमध्ये धावणं, फेकणं आणि उडी या तिन्हींत पदक घ्यावं, ही कमाल होती.

दुसरी गोष्ट फजितीची. ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत फेऱ्या मोजणारा चुकला आणि धावपटूंना अख्खी एक फेरी जास्त पळावं लागलं. फिनलंडचे इसो-होलो इतके पुढं होते की त्यांचं सुवर्ण काही हललं नाही. अमेरिकेचे जो मॅक्लस्की मात्र खऱ्या अंतराला दुसरे होते आणि त्या फुकटच्या फेरीत ब्रिटनच्या इव्हन्सननं त्यांना गाठून मागं टाकलं. शर्यत पुन्हा घेऊ का, असं त्यांना विचारलं गेलं. ते नको म्हणाले आणि कांस्यपदकावर समाधान मानलं. घरचं मैदान, घरचे पंच, घरचंच नुकसान!

या स्पर्धेसाठी स्टेडियम वाढवलं गेलं होतं. सुरुवातीला सुमारे ७५ हजार प्रेक्षक बसायचे, ती क्षमता लाखाच्या वर नेली. ज्योतीचा मनोराही तेव्हाचाच.

पी. टी. उषाचं पदक हुकलं तेही इथंच ना?

इथंच. १९८४च्या ऑलिंपिकमध्ये महिलांची ४०० मीटर अडथळा शर्यत पहिल्यांदाच ठेवली होती. उषा उपांत्य फेरी जिंकून अंतिम फेरीत आली. मोरोक्कोच्या नवाल एल मुतवकिलनं सुवर्ण घेतलं. मुस्लिमबहुल देशातल्या स्त्रीचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. तिसऱ्या जागेसाठी रुमानियाची कोजोकारू आणि उषा जवळजवळ एकाच क्षणी रेषेवर पोचल्या. घड्याळात कोजोकारू ५५.४१ सेकंद, उषा ५५.४२. सेकंदाचा शंभरावा भाग, डोळ्यांना न दिसणारा, फोटोवरूनच ठरवावा लागणारा.

मिल्खासिंग यांच्या रोममधल्या चौथ्या क्रमांकाइतकीच ही शर्यतही आपल्याकडं घरोघर बोलली गेली. याच स्पर्धेत भारताचा महिलांचा ४ बाय ४०० मीटर रिले संघ अंतिम फेरीत पोचून सातवा आला होता, ते मात्र फारसं कुणाच्या लक्षात नाही. त्याचीही आठवण ठेवायला हवी, असं मला वाटतं.

हॉकी मात्र त्या वर्षी कोलिझियममध्ये नव्हती, ती ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजच्या मैदानावर झाली. भारत पाचवा आला.

१९८४चं ऑलिंपिक फायद्यात गेलं म्हणतात. त्यात या स्टेडियमचा हात किती?

बराच. १९७६च्या ऑलिंपिकनं माँट्रियल शहर कर्जात बुडालं होतं आणि ते फेडायला त्यांना तीस वर्षं लागली. तो धसका सगळ्यांनी घेतला होता, त्यामुळं १९८४साठी शेवटी लॉस एंजेलिस एकटंच उमेदवार उरलं. संयोजकांनी ठरवलं की नवं शक्य तेवढं कमी बांधायचं. मुख्य स्टेडियम तर हाताशी होतंच, साठ वर्षांचं. प्रक्षेपणाचे हक्क आणि प्रायोजक यांतून पैसा आला आणि २० कोटी डॉलरहून जास्त शिल्लक उरली. सोव्हिएत गटाचा बहिष्कार असूनही.

उद्घाटनाला एक माणूस पाठीला रॉकेट बांधून मैदानात उतरला होता. ते दृश्य बघितलेली पिढी अजून ते विसरलेली नाही. मला मात्र पहिल्या महिला मॅरेथॉनचा शेवट जास्त महत्त्वाचा वाटतो. जोन बेनॉइट जिंकून गेल्यावर बऱ्याच वेळानं स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस बोगद्यातून मैदानात आली. उन्हानं शरीर एका बाजूला वाकलेलं, एक हात लोंबकळणारा. वैद्यकीय पथक जवळ गेलं की ती बाजूला सरकायची, कारण कुणी हात लावला तर ती बाद झाली असती. तिला घाम येतोय, म्हणजे शरीर अजून उष्णता बाहेर टाकतंय, हे डॉक्टरांनी पाहिलं आणि तिला चालू दिलं. ती शेवटची फेरी पुरी करायला तिला साडेपाच मिनिटांहून जास्त लागली. ती ३७वी आली.

इथं बेसबॉलही व्हायचा का? मैदान तर लंबगोल आहे.

व्हायचा, आणि त्या लंबगोलानं भलतेच प्रकार झाले. डॉजर्स संघ १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनहून इथं आला. त्यांचं स्वतःचं मैदान तयार होईपर्यंत, म्हणजे १९६१ पर्यंत, ते कोलिझियममध्ये खेळले. बेसबॉलचं मैदान कोनाच्या आकाराचं असतं. ते या वाडग्यात बसवताना डावीकडची सीमा फक्त २५१ फुटांवर आली, म्हणजे जेमतेम ७६ मीटर. एवढ्यावर कुणीही चेंडू बाहेर भिरकावेल म्हणून तिथं ४२ फूट उंच जाळी उभारली. वॉली मून नावाच्या डावखुऱ्या फलंदाजानं त्या जाळीवरून चेंडू तरंगत पलीकडं टाकायची खास तऱ्हा बसवली आणि नाव कमावलं.

प्रेक्षक खेळापासून इतके लांब बसायचे की लोक ट्रान्झिस्टर घेऊन यायचे आणि समोर चाललेला सामना विन स्कली यांच्या समालोचनातून समजून घ्यायचे. १९६० मध्ये एका सामन्यात स्कलींनी रेडिओवरून सांगितलं की आज एका पंचांचा वाढदिवस आहे, मी तीन म्हटलं की सगळे मिळून शुभेच्छा द्या. तीन म्हणताच सगळं स्टेडियम एका आवाजात ओरडलं. पंच बिचारे चक्रावून गेले.

गर्दीचे विक्रमही इथलेच. १९५९च्या वर्ल्ड सिरीजमधल्या, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेतल्या, एका सामन्याला ९२,७०६ प्रेक्षक होते. अपघातात अपंग झालेले डॉजर्सचे खेळाडू रॉय कॅम्पानेला यांच्या सन्मानासाठी त्याच वर्षी मे महिन्यात प्रदर्शनीय सामना झाला, त्याला ९३,१०३ लोक आले. दिवे मालवले आणि प्रेक्षकांनी काड्या पेटवून त्यांना मानवंदना दिली. २००८ मध्ये डॉजर्स एका प्रदर्शनीय सामन्यासाठी परत आले, तेव्हा १,१५,३०० लोक जमले.

कृष्णवर्णीय खेळाडूंच्या बाबतीत या स्टेडियमचं नाव का घेतात?

राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये (हा अमेरिकी फुटबॉल, हातात चेंडू घेऊन खेळायचा) १९३४ पासून १९४५ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम नव्हता, पण सगळे मालक तो पाळायचे. १९४६ मध्ये रॅम्स संघाला क्लीव्हलँडहून लॉस एंजेलिसला यायचं होतं आणि कोलिझियम हवं होतं. जानेवारीत स्टेडियमच्या समितीची बैठक झाली. तिथं हॅली हार्डिंग या कृष्णवर्णीय पत्रकारानं सरळ मुद्दा मांडला: स्टेडियम जनतेच्या पैशावर चालतं, मग भेदभाव करणाऱ्या संघाला ते का द्यायचं? समितीनं तो उचलून धरला. रॅम्सनं केनी वॉशिंग्टन यांना करारबद्ध केलं आणि पाठोपाठ वुडी स्ट्रोड यांना.

बेसबॉलच्या मुख्य लीगमधली वर्णभेदाची भिंत मोडणारे जॅकी रॉबिन्सन तिथं उतरले त्याच्या एक वर्ष आधीची ही गोष्ट. वॉशिंग्टन, स्ट्रोड आणि रॉबिन्सन हे तिघं १९३९ मध्ये यूसीएलए या इथल्याच विद्यापीठाच्या एकाच संघातून याच मैदानावर खेळलेले. या वास्तूच्या नावावर जमा धरावी अशी गोष्ट कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी ऑलिंपिकच्या आधी ही सांगेन.

पहिला सुपर बोल इथं झाला का?

झाला, १५ जानेवारी १९६७ रोजी. सुपर बोल म्हणजे अमेरिकी फुटबॉलचा विजेता ठरवणारा अंतिम सामना. ग्रीन बेनं कॅन्सस सिटीला ३५-१० असं हरवलं. आज ज्याच्या तिकिटासाठी लोक वाट्टेल ते मोजतात, त्या सामन्याला तेव्हा हजारो खुर्च्या रिकाम्या होत्या.

खेळ सोडून इथं काय काय झालं?

पुष्कळ. जुलै १९६० मध्ये जॉन केनेडी यांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी इथल्या भाषणात स्वीकारली. १९६३ मध्ये धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांच्या सभेला १,३४,२५४ लोक जमले, या स्टेडियममधली ती सर्वांत मोठी गर्दी. लोक मैदानावरसुद्धा बसले होते. ऑगस्ट १९७२ मध्ये शहरातल्या वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीतल्या दंगलींना सात वर्षं झाली, तेव्हा वॉटस्टॅक्स ही मैफल झाली. तिकीट एक डॉलर, म्हणजे कुणालाही परवडावं असं. १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आणि १९९० मध्ये तुरुंगातून सुटल्यावर काही महिन्यांनी नेल्सन मंडेला इथं आले.

आणि हो, १९३८ मध्ये इथं स्की जंपिंगही झालं, कृत्रिम बर्फ टाकून, तेही दक्षिण कॅलिफोर्नियात. २०२२ ते २०२४ या काळात मैदानावर डांबर टाकून नासकारच्या मोटारशर्यती घेतल्या.

दारातल्या पुतळ्यांची डोकी तुटली आहेत का?

नाही, ते मुळातच तसे घडवलेत. रॉबर्ट ग्रॅहम यांनी १९८४साठी ही ब्राँझची स्त्री-पुरुषांची जोडी केली. नग्न आहेत म्हणून तेव्हा बराच गदारोळ झाला होता.

मनोऱ्यावरची ज्योत कायम पेटलेली असते का?

कायम नाही. ऑलिंपिकच्या काळात असते. यूएससी, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, अमेरिकी फुटबॉल सामन्यात चौथ्या सत्राला पेटवतात. शोकाच्या प्रसंगीही पेटवली जाते, ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर ती अनेक दिवस तेवत होती.

नावावरून वाद झाला तो काय होता?

यूएससीनं २०१३ मध्ये ९८ वर्षांच्या करारावर स्टेडियमचा कारभार हाती घेतला आणि पुढं ३१ कोटी ५० लाख डॉलर खर्चून ते नवं केलं. क्षमता ९३ हजारांवरून साडेसत्त्याहत्तर हजारांवर आली, खुर्च्या बदलल्या, दक्षिणेला महागड्या बैठकांची इमारत उभी राहिली. पैसा उभारताना युनायटेड एअरलाइन्सला नाव विकायचं ठरलं आणि २०१८ मध्ये युनायटेड एअरलाइन्स मेमोरियल कोलिझियम असं नाव जाहीर झालं.

माजी सैनिकांच्या संघटना खवळल्या. हुतात्म्यांच्या स्मारकावर विमान कंपनीची पाटी? प्रकरण तुटेपर्यंत ताणलं आणि २०१९ मध्ये तडजोड निघाली: कंपनीचं नाव फक्त मैदानाला, वास्तूचं नाव लॉस एंजेलिस मेमोरियल कोलिझियम हेच. कागदावर फरक चार शब्दांचा. पण स्टेडियमच्या नावांच्या बाजारात सैनिकांनी कंपनीला दोन पावलं मागं सारल्याची उदाहरणं विरळा.

शेजारी आणखी एक स्मारक होतं ना?

होतं. लॉस एंजेलिस मेमोरियल स्पोर्ट्स अरीना, १९५९चं, तेही सैनिकांना अर्पण केलेलं. १९८४ची मुष्टियुद्धं तिथं झाली. संघ एकेक करून नव्या इमारतींत गेले, अरीना ओस पडलं आणि २०१६ मध्ये पाडलं. आज तिथं सॉकरचं, म्हणजे आपल्याकडच्या फुटबॉलचं, नवं स्टेडियम आहे. कोलिझियमला १९८४ मध्येच राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आहे, त्यामुळं त्याला हात लावणं इतकं सोपं नाही. १९९४च्या भूकंपात मोठी पडझड झाली तेव्हाही ते पाडलं नाही, दुरुस्त केलं.

२०२८ मध्ये इथं काय होणार?

तीन उन्हाळी ऑलिंपिक बघणारं हे जगातलं पहिलं स्टेडियम ठरेल. १४ जुलै २०२८ रोजी होणारं उद्घाटन कोलिझियम आणि शेजारच्या इंगलवुड शहरातलं नवं स्टेडियम अशा दोन ठिकाणी मिळून होईल. समारोप ३० जुलैला इथंच.

अॅथलेटिक्सही इथं आहे. अडचण अशी की १९९३ मध्ये मैदान ११ फूट आणखी खाली घेतलं, पुढं जास्त रांगा बसवल्या आणि धावमार्ग काढून टाकला. ज्या मार्गावर उषा धावली तो आता नाही. आता खालच्या रांगांच्या वर मंच उभारून त्यावर तात्पुरता मार्ग टाकावा लागणार आहे. एरवी अॅथलेटिक्स दुसऱ्या आठवड्यात असतं, या वेळी ते पहिल्या आठवड्यात आणि पोहणं दुसऱ्या आठवड्यात आहे. कारण पोहण्याचा तलाव इंगलवुडला बसवायचाय आणि तिथं आधी उद्घाटन उरकायचंय.

क्रिकेट कोलिझियममध्ये आहे का?

नाही. १९०० नंतर पहिल्यांदाच क्रिकेट ऑलिंपिकमध्ये येतंय, पण सामने पोमोनाच्या जत्रेच्या मैदानावर होणार आहेत. पोमोना हे गाव लॉस एंजेलिसच्या मध्यापासून पूर्वेला सुमारे ५० किलोमीटरवर आहे. नातेवाइकांकडं उतरणार असाल तर त्यांचं घर कोणत्या बाजूला आहे ते आधी विचारा. लॉस एंजेलिसच्या वाहतुकीत एका दिवसात सकाळी अॅथलेटिक्स आणि दुपारी क्रिकेट हा बेत आखू नये.

नुसतं बघायला जायचं असेल तर?

गाडीपेक्षा मेट्रो बरी. ई लाइन थेट एक्स्पोझिशन पार्कपाशी सोडते, तिथून कमानी चालत गाठता येतात. सामन्याच्या दिवशी जाणार असाल तर पारदर्शक पिशवीच न्या, बाकीच्या दारात अडवतात. त्याच बागेत गुलाबांचं उद्यान, निसर्ग-इतिहासाचं संग्रहालय आणि एंडेव्हर हे अवकाशयान ज्यांच्याकडं आहे ते विज्ञान केंद्रही आहे. मुलं बरोबर असतील तर तिथली वेळ आधी बघून ठेवा आणि स्टेडियम नंतर करा.